दुसऱ्यांदा विचारतील

दात कोरून पोट भरत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. ज्याने कोणी ती पाडली त्याला आमचे हे भेटले नसावेत. ह्यांनी एकवीस वर्षं लोकांचे दात कोरले आणि त्यावर आमची तीन पोटं भरली. हे कवळ्या करतात. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतो आणि पाठवून देतो, पुढचं सगळं ह्यांच्याकडे. मापात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, एकदा तोंडात घालून बघायला डॉक्टरकडे पाठवायचं, परत आलं की मेणाच्या जागी गुलाबी हिरडी, मग घासणं, मग चकाकी. तिकडे, आपल्या देशात, सगळे ह्यांना 'कवळीवाले' म्हणायचे आणि मला कवळीवालीणबाई. लग्नात मला बत्तीस दात होते आणि राग भरपूर होता. आता दात अठ्ठावीस उरलेत, राग तेवढाच आहे.

ह्यांची एक खोड होती. सरळसोट दात ह्यांना बघवायचे नाहीत. "फणीसारखे दात कुठल्या माणसाचे असतात का?" म्हणायचे. तिकडे माणूस समोर खुर्चीत बसायचा. त्याला जुना फोटो आणायला सांगायचे, काहीतरी बोलून हसवायचे, बरोबरच्या बायकोला विचारायचे, "ह्यांचा हा दात जरा पुढे होता ना?" आणि मग मेणात तो एक दात केसभर वाकडा बसवायचे. कवळी घालून माणूस आरशात बघायचा तर समोर त्याचाच जुना चेहरा. एक आजोबा कवळी घालून घरी गेले तर आजीबाई म्हणाल्या म्हणे, "आलात का परत!" असल्या गोष्टी हे जेवताना सांगायचे. मी म्हणायचे, निदान जेवताना तरी लोकांचे दात काढू नका.

पुरुषाला माहेर नसतं म्हणतात, पण ह्यांचं माहेर म्हणजे हवं ते मागून घेणाऱ्यांचं घर. पाच भाऊ, ताट पुढे करणाऱ्यालाच मिळायचं. आमच्या घरी उलटं. लग्नानंतर हे पहिल्यांदा माझ्या माहेरी जेवायला आले. माझ्या आईने वाढायला पळी उचलली, म्हणाली, "घ्या ना अजून." आणि हे म्हणाले, "हो, वाढा." सरळ. स्वयंपाकघरात माझ्या आत्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवशीपासून मी ह्यांना शिकवायला घेतलं. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा 'बरं, थोडंसं' म्हणायचं. माझी आई म्हणायची, पहिल्या आग्रहाला हपापलेला उठतो. हे मेणकाम शिकले तसंच मन लावून हेही शिकले. दोन वर्षांत माझ्या माहेरी ह्यांच्यासारखा सोज्वळ जावई नाही असा लौकिक झाला. त्याचं सगळं श्रेय मी घेतलं. घेतलं ते घेतलं, आता नाकारता येत नाही.

इकडे परदेशात आलो ते दोन वर्षांच्या कराराने. इथल्या कवळ्यांच्या कारखान्याला हाताने काम करणारी माणसं मिळत नव्हती. ह्यांच्या कामाचे फोटो कोणीतरी पाठवले, इकडून बोलावणं आलं. तिकडचं टेबल ह्यांनी आपल्याच शिकाऊ माणसाच्या हवाली केलं, भाड्याचं घर सोडलं, भांडी नणंदेकडे ठेवली. नियम पहिल्याच दिवशी सरकारी कचेरीत समजावून सांगितला होता. दोन वर्षांच्या आत त्याच ठिकाणी कायमची जागा मिळाली तर सगळ्यांनी राहायचं, नाही मिळाली तर तीन महिन्यांत निघायचं. माझ्या कार्डावर माझ्या फोटोखाली लिहिलेलं होतं, 'काम करण्यास परवानगी नाही.' तिकडे मी अकरा वर्षं पतपेढीच्या काउंटरवर बसत होते. लोक माझ्या आवाजाने रांगेत उभे राहायचे. इकडे मी खिडकीत बसायला लागले.

घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्या, जमीन लाकडी. चाललं की करकरते, म्हणून खालची म्हातारी छताला काठी लावायची. कचऱ्याचे चार डबे, चार रंगांची झाकणं. पहिल्या महिन्यात आमची पिशवी तीनदा दाराशी परत आली, चिठ्ठी लावून. कपडे धुवायचं मशीन तळघरात, सगळ्या बिऱ्हाडांत एकच. भिंतीवर तक्ता होता. आमची पाळी शनिवारी दुपारी दोन ते चार. चार वाजून पाच मिनिटांनी कपडे आत राहिले तर पुढची बाई ते ओले काढून टोपलीत ठेवायची आणि वर हसून नमस्कार करायची. मी ह्यांना म्हणायचे, ह्या लोकांचं हसूच मला कळत नाही.

समोरच्या दारातल्या बाईने एकदा आम्हाला बोलावलं. बसवलं, विचारलं, कॉफी घेणार का? आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, नको नको, कशाला त्रास. ती बरं म्हणाली. आत गेली, स्वतःपुरती कॉफी करून आणली आणि आमच्यासमोर बसून अर्धा तास प्यायली. खूप प्रेमाने बोलत होती. दार लावल्यावर मी म्हटलं, "काय चिक्कू बाई आहे!" हे म्हणाले, "अगं, आपण नको म्हणालो ना." मी म्हटलं, "म्हणून काय झालं? नको म्हणणं आपलं काम, देणं तिचं काम." अक्कल यायची असती तर त्याच दिवशी आली असती. पण मी बाईला कंजूष ठरवून मोकळी झाले.

लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. पहिले सहा महिने ती शाळेत डबा जिन्यात उभी राहून खायची. हे मला तिच्या वर्गशिक्षिकेकडून कळलं. घरी ती काहीच बोलायची नाही, फक्त डबा रिकामा आणायची. एकदा मी दप्तर झटकलं तर खालून सुकलेल्या पोळीचे तुकडे पडले. त्या दिवशी ह्यांनी आणि मी, दोघांनी, लेक शाळेतून यायच्या आत भरपूर रडून घेतलं. मग हळूहळू तिला भाषा यायला लागली. एक मैत्रीण मिळाली, केस हिरवे केलेली, पण मुलगी गुणाची. दुसऱ्या वर्षी शाळेच्या नाटकात लेकीला दिवे सांभाळायचं काम मिळालं. कुठल्या प्रवेशाला कुठला दिवा, किती मंद, सगळं तिच्या वहीत. प्रयोगाला आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो. नाटक काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण उजेड पडला की हे मला कोपर मारायचे, "आपली! आपली!"

कारखान्यात नऊ माणसं. मालकीण साठीची, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला बांधून छातीवर सोडलेला. माणूस म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही, आजही नाही. ह्यांच्या शेजारच्या टेबलावर एक ताडमाड माणूस होता, आम्ही घरात त्याला ताडमाडच म्हणायचो. तो तिथे आठ वर्षं होता. इथे माणूस समोर बसत नाही. एक प्लास्टिकची पेटी येते, वर नंबर, आत माप आणि दाताच्या रंगाचा आकडा. ह्यांना सुरुवातीला फार जड गेलं. "कोणाचं तोंड आहे ते तरी कळू दे," म्हणायचे. मग हे मापातच शोधायला लागले. हिरडीच्या वळणावरून ह्यांना कळायचं, इथे दात वाकडा असणार. आणि न विचारता केसभर वाकडा बसवायचे. ताडमाड म्हणायचा, परत येईल, सरळ कर. एक पेटी परत आलीच नाही, पत्र आलं. एका म्हाताऱ्या शिक्षिकेने लिहिलं होतं, माझे दात ज्याने केले त्याला सांगा, मी पंधरा वर्षांनी तोंडावर हात न ठेवता हसले. मालकिणीने ते पत्र भिंतीवर लावलं.

त्यानंतर महिन्याभराने, एका गुरुवारी, मालकीण ह्यांना म्हणाली, उद्या दहा वाजता माझ्या खोलीत या, टेबलप्रमुखाची कायमची जागा निघते आहे, त्याबद्दल बोलायचंय. आमचा करार संपायला तेव्हा पाच महिने होते.

हे घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. खालच्या म्हातारीने काठी मारली. लेकीने ह्यांना टेबलापाशी बसवलं आणि इथल्या भाषेत वाक्य शिकवलं. 'हो, मला हे काम हवं आहे. मी ते चांगलं करीन.' ह्यांची जीभ एका अक्षराला वळत नव्हती. ती ह्यांचा जबडा दोन बोटांनी धरून दाखवायची, इथे जीभ लाव, बाबा. हे म्हणायचे, "आयुष्यभर मी लोकांचे जबडे धरले, आता माझा कोणी धरला." दोघं हसत होते. चाळीसेक वेळा तरी म्हणून घेतलं तिने. हे वाक्य म्हणत म्हणत अंघोळीला गेले, आतूनही ऐकू येत होतं.

सकाळी लेक शाळेला गेली. हे इस्त्रीचा शर्ट घालून चहा पीत होते आणि ओठ हलत होते. आणि मी, मीच, ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"अहो, एक सांगू? विचारलं रे विचारलं की लगेच हो म्हणू नका."

"का?"

"हपापल्यासारखं दिसतं. तो ताडमाड आठ वर्षं आहे तिथे. तुम्ही काल आलेले. त्याच्या डोक्यावरून उडी मारली असं नको व्हायला. एकदा म्हणा, माझ्यापेक्षा जुने लोक आहेत, त्यांचा हक्क आधी. त्यांना तुम्हीच हवे आहात, दुसऱ्यांदा विचारतील. मग म्हणा हो."

हे कप हातात धरून बसले. "पण लेकीने तर..."

"ती लहान आहे. तिला काय कळतं माणसांमधलं?"

"नक्की विचारतील ना दुसऱ्यांदा?"

"न विचारून जातात कुठे," मी म्हटलं.

काय बोलले मी! एका वाक्यात दोन वर्षं मातीत घातली. भीड ही भिकेची बहीण, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला वाटायचं, आपली भीड म्हणजे खानदानी, तिला कसली आलीय बहीण.

दहा वाजता काय झालं ते ह्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथे उभी होते असं वाटतं. मालकिणीने बसायला सांगितलं, दार लावलं. म्हणाली, ही जागा मी तुम्हाला देऊ इच्छिते. तुम्हाला हवी आहे का? ह्यांच्या जिभेवर लेकीचं वाक्य होतं. ह्यांनी ते गिळलं आणि माझं वाक्य काढलं. जुने लोक आहेत, त्यांचा हक्क आधी, मी अजून योग्य नाही. मालकिणीने चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाली, नक्की का? हे हसले आणि मान खाली घातली, जावयासारखी. मग तिने एक कागद पुढे केला. ह्यांना वाटलं, भेट झाली त्याची नोंद. ह्यांनी सही केली. ती उठून उभी राहिली, ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाली, मला तुमचा फार आदर वाटतो.

हे घरी आले ते खुशीत. "आदर वाटतो म्हणाली!" मी म्हटलं, "बघा! सांगितलं नव्हतं?" लेकीला आम्ही सांगितलं, अजून ठरलं नाही, पुढच्या आठवड्यात परत बोलणार आहेत. ते आम्हाला खरंच वाटत होतं.

मग आम्ही वाट बघायला लागलो. सोमवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मंगळवारी तोच पुन्हा धुऊन घातला, आमची पाळी नसताना मी तो बेसिनमध्ये धुतला. बुधवारी मालकीण ह्यांच्या टेबलापाशी आली. ह्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, उभे राहिले. तिने विचारलं, प्लास्टरची पोती संपलीत का? रोज संध्याकाळी मी दारातच विचारायचे, "विचारलं?" हे मान हलवायचे. मी म्हणायचे, "मोठी जागा आहे, वेळ लागतो." दहाव्या दिवशी भिंतीवर, त्या शिक्षिकेच्या पत्राशेजारी, कागद लागला. टेबलप्रमुख म्हणून ताडमाडचं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीही वाजवल्या. ताडमाडने ह्यांना मिठी मारली, म्हणाला, तू माझ्यासाठी जागा सोडलीस, मी विसरणार नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आता अशा माणसाचा राग तरी कसा करायचा!

मी मात्र ह्यांच्यावर तुटून पडले. ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. "एकदा नको म्हणा सांगितलं होतं, आयुष्यभराचं नाही! तिने 'नक्की का' विचारलं ना? तीच दुसरी वेळ होती! एवढंही कळत नाही?" हे म्हणाले, "मला वाटलं, तो पहिल्याचाच भाग आहे." आणि मग हळूच, "तू म्हणालीस तसं त्या दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी..." एवढंच. वाक्य पुरं केलं नाही. मी भांडी आपटत होते.

दुसऱ्या दिवशी हे मालकिणीकडे गेले. लेकीचं वाक्य ह्यांनी तेव्हा म्हटलं, जीभ बरोबर जागी लावून. मला हे काम हवं आहे. मी ते चांगलं करीन. मालकिणीने चष्मा काढला. म्हणाली, तुम्ही तेव्हा का नाही बोललात? हे म्हणाले, मला वाटलं तुम्ही परत विचाराल. ती म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात. तुमच्यासारख्या माणसाला मी परत कशी विचारू? तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असा त्याचा अर्थ झाला असता.

आपल्याकडे परत न विचारणं म्हणजे अपमान. तिच्याकडे परत विचारणं म्हणजे अपमान. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि त्यात आम्ही बुडालो. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, आमच्याकडे कर्मही चहा पिताना बसून शिकवलेलं.

तिने हातपाय हलवले नाहीत असं नाही. ह्यांच्यासमोर तिने सरकारी कचेरीत फोन लावला, अर्धा तास बोलली, दोनदा आवाज चढवला. उपयोग झाला नाही. जागा एकच मंजूर. ह्यांनी सही केलेल्या कागदावर लिहिलेलं होतं, 'प्रस्ताव दिला, स्वेच्छेने नाकारला.' तो कचेरीत पोचला होता, आणि स्वेच्छेने नाकारणाऱ्याला त्याच मालकाकडे पुन्हा अर्ज करता येत नव्हता. आम्ही त्या कचेरीत गेलो. काचेमागे एक तरुण मुलगी होती, अगदी मी बसायचे तशी. तिने नियम तीनदा वाचून दाखवला, प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा सावकाश. मीसुद्धा लोकांना असंच वाचून दाखवायचे. काचेच्या ह्या बाजूने ते कसं लागतं ते मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. हे तिला काहीतरी सांगू बघत होते, की आमच्यात अशी पद्धत असते. तिने विचारलं, ती पद्धत कुठे लिहिलेली आहे का?

मग हे गावोगाव अर्ज पाठवत राहिले. सतरा कारखाने. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी लिहिलं, आम्ही आता हाताने करत नाही, यंत्र करतं. एकाने बोलावलं, ह्यांचं काम बघून खूश झाला, म्हणाला, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी आम्ही इथे असणार नव्हतो. दिवसभर हे ताडमाडच्या हाताखाली काम करायचे आणि त्यालाच वाकडा दात कसा बसवायचा ते शिकवायचे, कारण त्याने विचारलं होतं आणि ह्यांना शिकवायला आवडतं.  बोलून बोलून झालं होतं माझं.

लेकीला सांगायचं आम्ही पुढे ढकलत होतो. पण कचेरीचं पत्र आलं तेव्हा ती एकटीच घरी होती, आणि घरात ती भाषा नीट वाचता येणारी तीच. शनिवारी सकाळी आम्ही बाजारातून आलो तर पत्र टेबलावर उघडं. ती उभी.

"बाबा, ह्यात लिहिलंय, तू नाही म्हणालास. स्वेच्छेने. हे चुकीचं लिहिलंय ना?"

हे पिशवी खाली ठेवत होते. ठेवायला फार वेळ लावला त्यांनी.

"नाही बाळा. बरोबर लिहिलंय."

"मी तुला वाक्य शिकवलं होतं! चाळीस वेळा! तुला येत होतं ते!"

"येत होतं."

"मग का नाही म्हणालास?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण हात मागे करून माझं मनगट धरलं. मेणाने भाजून भाजून ह्यांची बोटं खरखरीत झालीत, ती टोचली मला. म्हणाले, "ऐन वेळी सुचलं नाही गं. भाषा विसरलो. घाबरलो मी."

लेक ह्यांना जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. पंधरा वर्षांची मुलगी, जिन्यातल्या डब्यापासून दोन वर्षांत मिळवलेलं सगळं हातचं जाताना जे बोलेल ते ती बोलली. भित्रा म्हणाली. तुझ्यामुळे म्हणाली. हे मान खाली घालून ऐकत होते. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. जमीन करकरली. खालून काठी आली नाही, म्हातारीलाही काहीतरी कळलं असणार.

दुपारी दोनला आमची कपड्यांची पाळी होती. जग बुडालं तरी पाळी चुकवता येत नाही. तळघरात मी मशीनमध्ये कपडे कोंबत होते, हे पावडरचा डबा धरून उभे होते. मी म्हटलं, "का खोटं बोललात? मी सांगते तिला. आत्ता वर जाऊन सांगते, की मी सांगितलं होतं म्हणून."

"नको."

"अहो, पण चूक माझी आहे!"

"आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाची का असेना." ह्यांनी पावडर ओतली, मापाची रेघ बघून, मेण वितळवताना बघतात तशी. मग म्हणाले, "तिला कुणावर तरी रागवायला हवंय ना? माझ्यावर रागावू दे. तुझ्यावर रागावली तर रडायला कुणाकडे जाईल ती?"

मशीन सुरू झालं.  दोन तास आम्ही बाकावर बसून गोल फिरणारे कपडे बघत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी आजवर लोकांनाच पडताना पाहिला होता. हे म्हणाले, "तिकडे गेल्यावर आधी तिच्या शाळेचं बघू." मी हो म्हटलं. चारला पाच मिनिटं कमी असताना कपडे काढले.

संध्याकाळी लेक बाहेर आली. हे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, त्यांच्या समोरून गेली, बघितलं नाही. माझ्या खोलीत आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायची तशी रडली, आवाज करून. मी केसांतून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने तिचं रडणं ओसरलं. नाक ओढत म्हणाली, "आई, बाबाच्या जागी तू असतीस तर लगेच हो म्हणाली असतीस ना?"

दार अर्धं उघडं होतं. खिडकीजवळची खुर्ची तिथून दिसत होती.

मी म्हटलं, "हो."